किरकोळ जखमांवर आफ्रिकेत कोणता झाडपाला लावतात? तुमच्या भागातलं सांगा

रानजाई

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला राहायला आल्यापासून एक गोष्ट सारखी जाणवते. इथे आपली भारतीय मंडळी हळद, कोरफड, तूप सगळं बरोबर आणतात, पण कुंपणाच्या पलीकडे शेजारीण काय लावते हे विचारत नाहीत. तिची वनस्पती म्हणजे जणू नुसतं गवत. मला हे खटकतं, म्हणून हा धागा.

सुरुवात मीच करते. इथे जवळजवळ प्रत्येक बागेच्या कडेला बल्बाइन लावलेली असते. पानं कांद्याच्या पातीसारखी गोल, मांसल. वर पिवळ्या किंवा केशरी फुलांचे तुरे. फुलातले केसर लव असल्यासारखे दिसतात, ओळखायची खूण हीच. झुलू बायका हिच्या कुळातल्या झाडांना इभुचू म्हणतात, आफ्रिकान्स बोलणारे बालसेमकोपीफा. खरचटलं, इस्त्रीचा चटका बसला, डास चावून खाजवून साल निघालं, की बाहेरचं एक जुनं पान खुडायचं, धुवायचं, नखाने उभं चिरायचं आणि आतला पारदर्शक गर सरळ त्या जागी फिरवायचा. वाळला की त्याचा पातळ पापुद्रा धरतो. थोड्या वेळाने परत लावायचा. चटक्याची आग पटकन शमते, हे स्वतःच्या हातावर अनुभवलंय.

तुम्ही आफ्रिकेत जिथे असाल किंवा होतात, तिथे काय लावतात? झाडाची ओळख पटेल असं लिहा, नुसतं "एक हिरवा पाला" नको. आणि विषय खरचटणं, छोटा काप, चटका, फोड एवढाच ठेवूया. सर्पदंश आणि मधुमेहाच्या पायाच्या जखमा इथे नकोत.

गुहागरी

वाचनखूण साठवली. लिहा लोकहो.

केपचा_वारा

मी दक्षिण आफ्रिकेच्याच वेस्टर्न केप प्रांतात. इथे एकच राणी, अ‍ॅलो फेरॉक्स. आपल्या कोरफडीची बहीण म्हणा, पण दोन-तीन मीटर उंच एकच खोड, पानांना तपकिरी काटे आणि खाली वाळक्या पानांचा घागरा. हिवाळ्यात लाल-केशरी फुलांचे झुबके येतात तेव्हा डोंगर पेटल्यासारखे दिसतात.

आल्बर्टिनिया गावाच्या आसपास हिचा चीक काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. खालची पानं कोयत्याने कापायची, जमिनीत उथळ खळगा करायचा, त्यात पूर्वी बकऱ्याचं कातडं अंथरायचे, आता प्लास्टिक. मग कापलेली टोकं आत करून पानं गोलाकार रचत जायची. काही तासांत पिवळा कडू चीक खळग्यात साठतो. तो आटवला की काळपट चकचकीत ढेप होते. अठराव्या शतकापासून ही ढेप युरोपात जाते आहे.

मुद्दा असा की ती ढेप जखमेसाठी नाही, ती कडक जुलाबाची. जखमेला लावायचा तो आतला गर. चीक काढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला दाखवलं होतं: पान कापून उभं टेकवून ठेवायचं, पिवळं सगळं निथळू द्यायचं, मग हिरवी साल सोलून गर घ्यायचा. घरच्या कोरफडीलाही हाच नियम. पिवळ्या चिकाने काहींची कातडी चुरचुरते, लाल होते.

टाकेवाला

रानजाई ताई, धागा चांगला आहे, पण मी जरा ब्रेक लावतो. घानाच्या एका जिल्हा रुग्णालयात मी सर्जन म्हणून काम केलंय.

जखमेला काय लावायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, धुतली का? वाहत्या स्वच्छ पाण्याखाली भरपूर वेळ धरा, आजूबाजूला साबण लावा, माती-खडे काढा. निम्मं काम तिथेच होतं. पाला जमिनीलगतचा असतो आणि धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. न धुतलेला पाला खोल टोचलेल्या जखमेत कोंबणं हा मी पाहिलेला सर्वांत वाईट उपाय.

दुसरं, पश्चिम आफ्रिकेत बुरुली अल्सर नावाचा आजार आहे. घाना, बेनिन, आयव्हरी कोस्टमध्ये तो आढळतो. सुरुवातीला कातडीखाली एक न दुखणारी गाठ येते. दुखत नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने पाला बांधत बसतात. मग कातडी फुटते आणि मोठा व्रण पडतो. रुग्ण लवकर आला तर रिफाम्पिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं आठ आठवडे, काम भागतं. उशीर झाला तर कातडी बसवावी लागते, सांधे आखडतात. मुलांमध्ये खूप दिसतो. त्या मुलांचे चेहरे आठवले की मला "पारंपरिक" या शब्दाचं कौतुक करवत नाही.

रानजाई

टाकेवाला, धुण्याबद्दल १००% मान्य, मूळ धाग्यात वर टाकते. पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात थोडी गल्लत वाटते. बुरुलीवर पाला लावणं चूक, म्हणून खरचटलेल्या गुडघ्यावर बल्बाइन लावणं चूक ठरत नाही. इथल्या जुन्या बायका हा फरक करतात. "हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात जा" असं म्हणणाऱ्या इन्यांगा, म्हणजे झाडपाल्याच्या वैदू, मी पाहिल्यात.

टाकेवाला

अशा वैदू सगळीकडे असत्या तर माझा वॉर्ड निम्मा रिकामा राहिला असता. फरक करणाऱ्यांना माझा नमस्कारच आहे.

इबादानचा_बंड्या

नायजेरियात माझं बरंच आयुष्य गेलं, बांधकामाच्या साईटवर. तिथलं एक डोळ्यांसमोर आहे. पत्रा कापताना एका गवंड्याचं बोट चिरलं. भळाभळा नाही, पण थांबत नव्हतं. त्याचा मदतनीस साईटच्या मागे गेला, एका झुडपाची कोवळी पानं ओरबाडून आणली, बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि दोन तळहातांत इतकी चोळली की हिरवा रस गळायला लागला. तो रस जखमेवर पिळला, चोथा वर दाबून धरला. वास उग्र. रक्त थांबलं. मग त्या गवंड्याने शांतपणे चिंधी बांधली आणि चहाला गेला.

त्या झुडपाला तिथे कोणी अवोलोवो म्हणतं, कोणी अकिंतोला. दोघेही तिथल्या योरुबा समाजाचे पुढारी. घानात त्यालाच आचेम्पाँग म्हणतात, ते तर लष्करशहा.

दुसरी एक आहे, ती खरी तिथली. योरुबात युनयुन, शास्त्रीय नाव अ‍ॅस्पिलिया आफ्रिकाना. पिवळी छोटी फुलं, खरखरीत पानं, रस्त्याकडेला उगवते. हिचंही काम तेच, रक्त थांबवणं. इंग्रजांनी तर तिला रक्तस्रावाची वनस्पती असंच नाव दिलं होतं. नायजेरियातल्या विद्यापीठांत हिच्या अर्काचे प्रयोग झालेत, प्राण्यांमध्ये रक्तस्राव कमी वेळात थांबला आणि जखम लवकर भरली असं दिसलं. टाकेवाला म्हणतील माणसांवरच्या चाचण्या कुठायत. त्या कमी आहेत हे खरंच.

नाक्यावरचा_नाना

गवताला पुढाऱ्याचं नाव द्यायची पद्धत जागतिक दिसते! आपल्याकडे काँग्रेस गवत, तिकडे अवोलोवो.

इबादानचा_बंड्या

नाना, फरक एवढाच की तिकडचं जखम बुजवतं, आपलं अंगावर पुरळ उठवतं :)

तळकोकणी_माणूस

बंड्या, ती तुमची अवोलोवो म्हणजे आमची रानमोडी! शास्त्रीय नाव क्रोमोलीना ओडोराटा. सिंधुदुर्गात काजूच्या बागांत नुसती माजलीय. चुरडलं की तोच उग्र वास. आमच्याकडे गवत कापताना कोयतीचा निसटता घाव बसला की रानमोडीचाच पाला चोळून दाबतात. केरळातही तेच करतात.

पण मग एक शंका. रानमोडी मूळची अमेरिकेतली. पश्चिम आफ्रिकेत ती गेल्या शतकात आली, शिवणीच्या बियाण्यात मिसळून श्रीलंकेहून नायजेरियात पोचली असं मानतात. मग हिला आफ्रिकेचा पारंपरिक उपाय कसा म्हणायचा?

शब्दवेल्हाळ

माझ्याही मनात हेच आलं. मग परंपरा कसली? शंभर वर्षंही झाली नाहीत.

केपचा_वारा

मला उलट यातच परंपरा दिसते. एक उपरं, त्रासदायक तण शेतात घुसतं. लोक त्याचा वास घेतात, चोळून बघतात, ज्या कामाला युनयुन वापरत होते त्याच कामाला हे लावून बघतात, आणि दोन पिढ्यांत ते घराघरांत पोचतं. तेही पश्चिम आफ्रिकेत आणि कोकणात, एकमेकांना न विचारता. जुन्या पोथीत नाही म्हणून ते कमी दर्जाचं का?

आणि आपली दगडी पाला, एकदांडी? पांढऱ्या-पिवळ्या फुलाची, शाळेच्या मैदानावर पडलो की मुलं जिचा रस लावायची ती. तीही मूळ अमेरिकेतलीच. नायजेरियातही ती जखमेला लावतात.

तळकोकणी_माणूस

हे पटलं. दगडी पाला परदेशी आहे हे आमच्या वाडीत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही.

वाकवा_मराठी

नमस्कार. मी मॉरिशसची मराठी. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि सातारा भागातून उसाच्या मळ्यांत आले. माझी मराठी थोडी जुन्या वळणाची आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे पोर्ट लुईच्या बाजारात वाळलेल्या झाडपाल्याचे गाळे प्रसिद्ध आहेत. पण मला शेजारच्या मादागास्करबद्दल लिहायचे आहे. तुम्ही शाळेत पानफुटीचे पान वहीत ठेवले असेल, कडेने रोपे फुटतात ती. ती मूळ मादागास्करची. आमच्या घरी आजी तिचे पान तव्यावर किंचित गरम करून मुक्या मारावर आणि सुजेवर बांधत असे.

आणि मादागास्करमध्ये तालापेत्राका म्हणतात ती वेल तुम्ही सर्व ओळखता. मंडूकपर्णी. तिच्यातला एशियाटिकोसाइड हा घटक १९४१ मध्ये मादागास्करच्या वनस्पतीतून वेगळा काढला गेला. पुढे आल्बेर राकोतो-रात्सिमामांगा या मलागासी, म्हणजे मादागास्करच्या, शास्त्रज्ञाने त्यावर काम केले आणि त्यापासून जखम भरण्याचे मलम तयार झाले. ते मलम फ्रान्समध्ये औषधाच्या दुकानांत विकले गेले. त्यांनी १९५७ मध्ये आंतानानारिव्होत संशोधन संस्था काढली, ती मलागासी वैदूंकडून माहिती घेऊन झाडपाल्याची तपासणी करते. गावातल्या बाईच्या हातातला पाला आणि औषधाची नळी यांच्यामधला हा रस्ता आफ्रिकेतल्याच माणसाने चालून दाखवला, याचा मला फार अभिमान वाटतो.

रानजाई

वाकवा_मराठी, किती छान लिहिलंत. तुमची मराठी सांभाळून घ्यायची नाही, ऐकत राहायची आहे.

इबादानचा_बंड्या

पानफुटी नायजेरियातही भरपूर. योरुबात आबामोदा. तान्ह्या बाळाच्या नाळेवर तिचा रस पिळतात, हे मात्र मला कधी रुचलं नाही.

टाकेवाला

रुचूच नये. नाळ ही उघडी जखमच आहे आणि थेट रक्तवाहिन्यांपाशी. नाळेवर पाला, राख, शेण, तेल काहीही नको. नायजेरियातल्या आरोग्य कार्यक्रमात आता नाळेसाठी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं जेल देतात. ते किंवा कोरडी आणि स्वच्छ नाळ, एवढंच.

नैरोबीकर_सुमा

डॉक्टरांना +१. केनियात मासाई भागात नाळेवर शेण लावायची रीत होती आणि त्यातून नवजात बाळांना धनुर्वात व्हायचा. आयांना गरोदरपणात लस देऊन, घराघरांत जाऊन, मासाई सुइणींनाच बरोबर घेऊन तिथल्या लोकांनी ते बरंच बदललं. माझी एक मैत्रीण त्या कामात होती. ती सुइणींना कधी अडाणी म्हणायची नाही. "पाणी उकळणं आणि नवं ब्लेड, एवढं तुम्ही सांभाळा, बाकी बाळंतपण तुम्हालाच जास्त कळतं" असं म्हणायची.

माझ्याकडून धाग्यात भर: मुआरोबाइनी. किनारपट्टीला, मोंबासाकडे, प्रत्येक अंगणात. पानं उकळून गार केलेल्या पाण्याने खरूज, पुरळ, चिघळलेलं खरचटणं धुतात. हा आपला कडुनिंबच, भारतातून गेलेला. मोंबासाच्या एका स्वाहिली आजीला मी म्हटलं की हे झाड आमचं, तर ती म्हणाली, माझ्या आजीने लावलंय, तुझं कसं?

नाक्यावरचा_नाना

आजी जिंकली.

हळदीची_वडी

झाड कोणाचं यावरून आठवलं. अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. हो, जखमेवर हळद! सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत-उर्दू ग्रंथांतले उतारे आणि १९५३ चा भारतीय वैद्यक नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. माशेलकर मूळ गोव्यातल्या माशेलचे, म्हणून आमच्या घरी ही लढाई फार कौतुकाने सांगितली जायची.

आपल्याकडे लिहिलेलं होतं म्हणून जिंकलो. झुलू किंवा योरुबा आजीचं ज्ञान तोंडी आहे. ती काय पुरावा देणार?

केपचा_वारा

लढले की तिकडचेही. ईस्टर्न केपमधल्या अ‍ॅलिस गावचा समाज पेलार्गोनियम या झाडाच्या मुळीवरून युरोपियन पेटंट कार्यालयात गेला. ती मुळी खोकल्यावरची आहे, जखमेची नाही, पण प्रश्न तोच. जर्मन कंपनीचं पेटंट २०१० मध्ये रद्द झालं. तिथल्या लोकांचं म्हणणं होतं की मुळीतून अर्क काढायची पद्धत नवी नाही, आमची आहे.

हळदीची_वडी, तुमचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. म्हणूनच असे धागे हवेत, आणि त्यात कोणाकडून ऐकलं तेही लिहायला हवं. "आफ्रिकेत असं करतात" म्हणणं म्हणजे "आशियात पोळी खातात" म्हणण्यासारखं आहे.

हळदीची_वडी

पटलं. योरुबा, झुलू, मलागासी अशी नावं घेऊनच लिहूया.

देवगडचा_आंबा

मोगली एरंडाचा चीक कोणी वापरलाय का? आमच्याकडे दातातून किंवा कापल्यावर रक्त आलं की लावतात.

इबादानचा_बंड्या

नायजेरियातही लावतात. कुंपणाला तोच असतो, देठ मोडला की फेस येणारा चीक. पण सांभाळून. तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की निव्वळ चीक रक्त लवकर गोठवतो, तर खूप पातळ केलेला चीक उलट गोठायला वेळ लावतो. म्हणजे पाणी घालून वापरायची चूक नको. आणि बिया विषारी, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

केपचा_वारा

विषारी वरून एक गंभीर गोष्ट. खोसा समाजात मुलगा पुरुष होतो त्या विधीत सुंतेच्या जखमेवर बूफोन नावाच्या कंदाचे कोरडे पापुद्रे बांधायची जुनी रीत आहे. पंख्यासारख्या एका ओळीत पानं येणारा मोठा कंद. त्या विधीबद्दल खोसा पुरुष बाहेरच्यांशी फारसं बोलत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. लिहितोय ते एवढ्यासाठी की हा कंद पोटात गेला तर भयंकर विषारी आहे. इंटरनेटवर वाचून कोणी बागेतला कंद सोलायला जाऊ नये. तिथेही जाणत्या माणसाशिवाय, उपाशी-तहानलेल्या मुलांवर घाईने केलेल्या विधींत दर मोसमात मुलं दगावतात. खोसा वडीलधारीच त्यावर आज सर्वांत जास्त चिडलेली आहेत.

टाकेवाला

हा प्रतिसाद लिहिल्याबद्दल आभार.

आता मीही धाग्यात काहीतरी टाकतो, नाहीतर सगळे मला व्हिलन समजतील. दोन गोष्टी मी स्वतः मनापासून मानतो. एक मध. इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण १६०० मध्ये लिहिलेल्या गुंडाळीत, जखमेवर मध, चरबी आणि वनस्पतीच्या तंतूंचा बोळा बांधायला सांगितलंय. आजही निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध रुग्णालयात वापरतात. त्यातली साखर पाणी शोषून घेते, आम्लता जंतूंना मानवत नाही, आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. एक वर्षाखालच्या बाळांना मात्र मध नको.

दुसरं शिया लोणी. उत्तर घानात तामालेकडे बायका शियाच्या झाडाची फळं वेचतात, बिया उकळून वाळवतात, फोडतात, भाजतात, दळतात आणि मग तो तपकिरी लगदा पाणी घालून हाताने घुसळतात. खांदे भरून येतात त्या कामात. वर पांढरट लोणी तरंगतं. उघड्या, वाहत्या जखमेवर नाही, पण खपली धरल्यावर कातडी तडकू नये म्हणून आणि टाचांच्या भेगांवर मी माझ्या रुग्णांना तेच सांगायचो. महागड्या क्रीमपेक्षा शंभर पटीने बरं.

रानजाई

डॉक्टर, आता तुम्ही आमच्यातलेच!

कोथरूडची_कुंडी

मूळ प्रश्नाकडे येते. बल्बाइन पुण्यात जगेल का? गॅलरीत ऊन सकाळचंच असतं.

रानजाई

जगेल. ऊन आवडतं, पण सकाळचं चार-पाच तास मिळालं तरी पुरतं, फुलं थोडी कमी येतील. पाणी साचू देऊ नका, मातीत जाडी वाळू मिसळा. पावसाळ्यात कुंडी आडोशाला, नाहीतर गाठी कुजतात. एक फांदी मोडून खोचली तरी मुळं धरतात. सक्युलंट विकणाऱ्या नर्सरीत शास्त्रीय नावाने, बल्बाइन फ्रुटेसेन्स, विचारा. आणि पहिल्यांदा लावताना कोपराच्या आत थोडासा गर लावून दिवसभर थांबा, काहींना काहीही सोसत नाही.

मूळ धाग्यात आता वर तीन ओळी घातल्यात: आधी धुणे, नाळेला काही नाही, आणि खोल, मातीने भरलेली, प्राण्याने चावलेली, लाल होऊन पसरणारी जखम किंवा न दुखणारी गाठ असेल तर थेट डॉक्टर. धनुर्वाताची लस कधी घेतली ते प्रत्येकाने बघा. बल्बाइनच्या पानाचे, फुलाचे आणि चिरलेल्या गराचे फोटो उद्या टाकते. बंड्या, युनयुनचा फोटो असेल तर द्या, दगडी पाल्याच्या फोटोशेजारी लावते, म्हणजे गोंधळ नको.

हरारेची_वाट

उशिरा आले, पण झिम्बाब्वेचं राहिलंच होतं. इथे किगेलिया आफ्रिकाना. लांब दोरीला टांगलेल्या सॉसेजसारखी जड फळं येतात, त्याखाली गाडी लावायची नाही हा पहिला नियम. फळाच्या चकत्या उन्हात वाळवून, कुटून केलेली पूड चिघळलेल्या फोडांवर आणि व्रणांवर भुरभुरतात. कच्चं फळ खायचं नाही, विषारी असतं. मुंबईत राणीच्या बागेत आणि पुण्यातही रस्त्याकडेला ही झाडं आहेत. फुलं गडद मरून, रात्री उमलतात, वटवाघळं येतात त्यांच्यावर. फळाचे आणि पुडीचे फोटो माझ्याकडे आहेत, रानजाई, कुठे पाठवू?